सुई सांगेल ती उंची

आमच्या घरात एक सुई होती आणि ती कुणी हात न लावता हलायची. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, पंचांग आणि काडेपेटीच्या मधे, काळ्या डब्यात बसवलेलं ते घड्याळासारखं यंत्र माझ्या थोरल्या भावानं, वसंतानं, आणून ठेवलं होतं. धुळ्याबाहेरच्या माळावर तेव्हा ग्लायडर शिकवणारा एक क्लब निघाला होता, तिथल्या मोडीतून त्याला ते मिळालं. संध्याकाळी माय दिवा लावायला जायची तेव्हा सुई एका जागी असायची, आणि रात्रीतून आभाळ भरून आलं की सकाळी ती पुढं सरकलेली दिसायची. माय दोन पावलं मागं व्हायची. "हाई काय दखाडस रे भाऊ?" ती विचारायची. "उंची, माय." "कोनी?" "आपला घरनी." "मंग आपलं घर रातभरमां वर चढी गयं का?" भाऊ हसून हसून आडवा व्हायचा, पण मायला काही हसू यायचं नाही. जी वस्तू आपणहून हलते आणि खोटं बोलते ती देवाजवळ नको, असं तिचं म्हणणं. पूजा झाली की ती त्या यंत्रावर फडकं टाकून द्यायची.

भाऊ मला समजावून सांगायचा. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि घरात सगळे मला बेबी म्हणायचे. भाऊ म्हणायचा, "बेबी, या सुईला उंची कळतच नाही. हिला कळतो फक्त हवेचा दाब. आत पत्र्याची पातळ डबी असते, हवा विरळ झाली की ती फुगते आणि सुई ढकलते. वर गेलं की हवा विरळ होते, म्हणून ती वरची उंची सांगते. पण आपण जागच्या जागी बसलो आणि हवामान पालटलं तरी तिला तेच वाटतं." म्हणून उडण्याआधी रोज ती त्या दिवसाच्या हवेप्रमाणे लावून घ्यायची, आणि बाहेरची हवा तिच्यापर्यंत विनाअडथळा पोचते की नाही ते बघायचं. मी विचारलं, एवढं कशाला, खाली वाकून बघितलं की कळतं की. त्यावर तो गंभीर झाला. इंजिनाच्या विमानाला चूक परवडते, तो म्हणाला. खाली आलो असं वाटलं तर इंजिन वाढवून पुन्हा वर जाता येतं. ग्लायडरला इंजिनच नाही. उंची हेच त्याचं पेट्रोल. कुठून वळायचं, धावपट्टीकडे कधी तोंड करायचं, हे सगळं उरलेल्या उंचीवर ठरतं आणि उतरायची संधी एकदाच मिळते. आणि डोळ्यांचं म्हणशील तर आपलं काळं रान फार फसवं आहे, त्याच्यावर झाड नाही, गुरं नाहीत, तर ते दहा हातांवर आहे की शंभर हातांवर ते वरून कळत नाही. हे सांगताना तो भाकरी मोडायचा थांबला होता, एवढं मला आठवतं.

आम्ही कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या चाळीत राहायचो. नाना, म्हणजे आमचे वडील, फॅक्टरीत फिटर होते. हंगाम सुरू झाला की दिवसरात्र जिनांचा धडधडाट असायचा, मधेच भोंगा व्हायचा, आणि कापसाचं बारीक तूस पाण्याच्या हंड्यापासून अंथरुणापर्यंत सगळीकडे बसायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवरसुद्धा ते बसायचं आणि आम्ही फुंकर मारून खायचो. नाना कमी बोलायचे. यंत्राशी मात्र बोलायचे, अशी मायची तक्रार असे. ती स्वतः शिरपूरकडच्या खेड्यातली, आणि यंत्रांशी तिचं नातं निराळंच होतं. तिला प्रत्येक यंत्रात चेहरा दिसायचा. शिलाई मशिनला मान, गिरणीला तोंड, सायकलीला कपाळ. दसऱ्याला नाना अवजारं पुसून मांडायचे आणि माय प्रत्येकाचं कपाळ शोधून कुंकू लावायची. तेही साधं नाही. जुन्या बायका स्वतःला लावत तसं, आधी बोटानं मेणाचा टिळा आणि मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. मेणाशिवाय लावलेलं कुंकू म्हणजे पाहुण्याला उभ्या उभ्या पाणी देणं, असं ती म्हणायची. जिनाच्या धुरळ्यातही तिचं कुंकू चार-चार दिवस जागचं हलायचं नाही आणि त्याचा तिला अभिमान होता.

भाऊला उडण्याचं वेड कसं लागलं ते मला सांगता येणार नाही. कॉलेजात असताना तो एकदा सायकलनं माळावर गेला आणि तिथलाच झाला, बस. क्लबचे फाटक सर हवाई दलातून निवृत्त झालेले, नाशिककडचे, शिस्तीला कडक. त्यांनी त्याला घडवलं. मायनं पहिल्यांदा ग्लायडर पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "हाई तं पाखरू शे," आणि आमच्या घरात त्याचं नाव पाखरू पडलं. त्या वर्षी दसऱ्याला भाऊ एकटा उडून पुष्कळ वेळ आकाशात राहणार होता. ते नीट पार पडलं तर सर त्याची शिफारस शिकवण्याच्या नोकरीसाठी करणार होते. म्हणून चाळीतली आम्ही सगळी माणसं दुपारी माळावर जाणार असं ठरलं. माय पहाटेपासून खापरावर पुरणाचे मांडे करत होती. एकीकडे चुलीचा धूर, एकीकडे पुरणाचा वास, आणि ती मधेच उठून फळीवरच्या सुईवरचं फडकं नीट करून येत होती. का ते मी विचारलं नाही. मला तेव्हा ती भोळसट वाटायची. आता माझं वय तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी पुढं गेलंय आणि माझ्याही डोक्यात अशी फडकी पुष्कळ आहेत.

आम्हाला पोचायला उशीर झाला, कारण नानांना आधी फॅक्टरीतली पूजा उरकायची होती. तोवर ग्लायडरची तपासणी संपली होती. भाऊ आत बसून पट्टे आवळून तयार होता. लांब, माळाच्या दुसऱ्या टोकाला, तार ओढणारं यंत्र होतं. ते तार गुंडाळायला लागलं की ग्लायडर पतंगासारखं वर जायचं. तपासणी झाल्यावर ग्लायडरला कुणी हात लावायचा नाही, हा सरांचा नियम. पण माय ताट घेऊन उभी, ताटात नारळ, फुलं, मेणाची डबी, कुंकू. सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "चला, आईंच्या हातचं कुंकू लागू द्या. दसरा आहे." त्या माणसानं आयुष्यात एकदा नियम सोडला आणि तो प्रेमानं सोडला, यासाठी मी त्यांना कधी दोष दिला नाही. मायनं ग्लायडरच्या नाकाला कुंकू लावलं, ओवाळलं, मग दोन्ही अंगांनी फिरून आली. भाऊनं हात जोडले, वरचं काचेचं झाकण बंद झालं. तार ताणली, ग्लायडर सरसर पुढं गेलं आणि वर चढलं. चाळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वर गेल्यावर त्यानं तार सोडली आणि लळिंगच्या डोंगराकडे वळला, जिथं घारी गोल फिरत होत्या. जिथं घारी फिरतात तिथं ऊन लागून हवा वर चढते, हे त्यानं मला शिकवलं होतं.

माय पदरानं घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसली. खूश होती. म्हणाली, "नाकले लावंच, पन त्याना दोन्ही गालवर बी लावं. तठे कोनी तरी आधीच लाल गोल काढी ठेयेल शे. बरोब्बर मधमां बारीक भोक. नथनासाठे टोचेल व्हवाले पाहिजे. त्या गोलमां मना टिळा असा बसना, बेबी! मेन जरा जास्तीच लावं. वारावर उडाले नको."

मला ते लाल गोल माहीत होते. भाऊनंच दाखवले होते. सुईपर्यंत बाहेरची हवा ज्यातून जाते तीच ती दोन भोकं, टाचणीच्या डोक्याएवढी. इथं बोट लावू नका, इथं काही चिकटू देऊ नका, म्हणून त्यांच्याभोवती लाल रंग दिलेला असतो. आणि आमच्या मायला रिकामं लाल वर्तुळ दिसलं की ते कपाळ वाटणारच. मी उठून सरांकडे गेले आणि जे ऐकलं ते सांगितलं. "दोन्ही बाजूंना?" त्यांनी विचारलं. मागून मायनंच उत्तर दिलं, "मंग! एक गाल कोरा कसा ठेवसू?"

ग्लायडरमध्ये तेव्हा बोलायचं यंत्र नव्हतं. वर गेलेल्या माणसाला खालून काही सांगायची सोयच नव्हती. सर मला बाजूला घेऊन हळू बोलले. दोन्ही भोकं पक्की बुजली असतील तर सुई जमिनीवरच अडकून राहील, वसंताच्या लगेच लक्षात येईल आणि तो फिरून खाली येईल. तसं झालं तर बरं. पण मेण कुठं तरी भेगाळलं असेल आणि हवा चिमूटचिमूट आत जात असेल, तर सुई हलेल, फक्त मागं राहील. चढताना ती कमी उंची सांगेल. त्यानं काही बिघडत नाही, माणूस उलट सावध राहतो. उतरताना ती जास्त सांगेल. म्हणजे जमीन जवळ आली तरी हाताशी उंची आहे असं त्याला वाटेल. आम्ही दोघं वर बघत राहिलो. तो खाली यावा म्हणून मी जेवढा देवाचा धावा केला तेवढा आयुष्यात पुन्हा केला नाही. तो आला नाही. तो घारींबरोबर गोल गोल वर चढत गेला, म्हणजे सुई हलत होती. चाळीतली माणसं "काय उडी राहिना पोऱ्या!" म्हणून कौतुक करत होती.

सरांनी पांढरी चादर माळावर पसरली, 'परत या' अशी ती खूण होती. पण खूण करून तरी काय होणार होतं? परत येताना तो त्याच सुईवर विसंबणार होता. नाही बोलावलं, तर दिवस मावळणार आणि डोळ्यांनाही काही दिसेनासं होणार. ग्लायडर वर थांबून राहू शकत नाही. आज ना उद्या असा शब्दच तिथं नसतो, खाली यावंच लागतं. परवा माझ्या नातवानं, मी आता जळगावला मुलीकडे असते, फोनवर बोट फिरवून आमच्या घराची समुद्रापासूनची उंची दाखवली आणि म्हणाला, "आजी, बघ ना, किती अचूक." मी फोन त्याच्या हातात परत दिला आणि दुसऱ्या खोलीत गेले. त्याला वाटलं, आजीला मोबाइल आवडत नाही.

माणसं उभी करायची कल्पना सरांची. धावपट्टीच्या अलीकडे मूग काढलेलं काळंभोर रान होतं, सपाट, त्याच्यावर खूण म्हणून काही नाही. त्याच्यावरूनच भाऊ येणार होता. तिथं माणसं उभी दिसली तर त्यांच्या आकारावरून तरी त्याला आपण किती खाली आलोय ते कळेल, आणि सुईवरचा विश्वास उडेल. सरांनी सगळ्यांना रानात पळवलं. कुणी काही विचारलं नाही, त्यांचा आवाजच तसा होता. दसऱ्याच्या कपड्यांतली आमची चाळ त्या काळ्या ढेकळांत हात पसरून ओळीनं उभी राहिली. माय माझ्या शेजारी होती. "आठे काब्र उभं ऱ्हावानं?" "भाऊले दिसाले, माय." आधी ती हसली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिनं हात मात्र आणखी उंच केले.

तो पूर्वेकडून आला. वारा समोरून घ्यायचा म्हणून मावळतीकडे तोंड करूनच उतरायचं होतं, आणि सूर्य डोंगरावर टेकला होता. ग्लायडर येतं तेव्हा आवाज नसतो, नुसती एक लांब फूं ऐकू येते. ती फार जवळून ऐकू आली. भलत्याच खाली होता तो. रानाबाहेरच्या कडुनिंबाच्या शेंड्याला घासतो की काय असा आला, तरीही निवांत, जणू त्याच्या हातात पुष्कळ उंची शिल्लक होती. सर ओरडत होते, आम्ही सगळे ओरडत होतो. मग एकाएकी त्याचं नाक वर झालं, तो धावपट्टीकडे घाईनं वळला. एक पंख बांधालगतच्या ज्वारीत गेला. पुढचं मला पूर्ण दिसलं आणि ते मी लिहिणार नाही.

नाना सगळ्यांच्या आधी पोचले. त्यांनी भाऊला बाहेर काढायला हात लावला, चौघांनी मिळून काढलं, बैलगाडीतून आणि मग कुणाच्या तरी जीपमधून नेलं. जाता जाता नाना एकदाच मागं वळले. मोडलेल्या ग्लायडरच्या गालाशी वाकून त्यांनी नखानं तो लाल टिळा खरवडला, नख बघितलं आणि धोतराला पुसलं. फिटर माणूस, त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. मायनं ते पाहिलं. ती खाली ठेवलेलं ताट पुन्हा उचलून तिथंच उभी होती, आणि ताटातली मेणाची डबी तिनं ढेकळांत कुठं टाकली ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

दवाखान्यात भाऊ दोन दिवस होता. कंबरेखाली काही जाणवत नव्हतं, आत रक्तस्राव होता, आणि डॉक्टरांनी नानांना बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. पण तो शुद्धीवर होता आणि बोलायचा. फाटक सर आले, खाटेच्या पायाशी उभे राहिले आणि त्यांना रडू आवरेना. भाऊच त्यांना म्हणाला, "सर, यंत्र जुनं होतं. त्याला काय करणार?" सरांनी होय म्हणून मान हलवली. माय उशाशी बसली होती. ती म्हणाली,

"यंत्र जुनं नव्हतं रे. मना हात व्हता."

भाऊनं डोळे मिटले. मग त्यानं तिचा हात शोधला, ज्या हाताला अजून लाली होती तो, आणि हळूहळू, मधे थांबत म्हणाला, "माय, सुई काही बी सांगे. माले तू दिसनी. तुना लुगडाना हिरवा काठ दिसना. म्हनीसन समजनं, मी कितला खाले शे. नहीते सरळ भुईमां घुसी जातू. तुले भेटतूच नही." तो तिच्याशी जेवढं बोलला त्यातलं हे शेवटचं लांब वाक्य. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो गेला.

माय त्यानंतर पुष्कळ जगली. नाना गेल्यावरही जगली, नातवंडं खेळवली, चाळ सुटली तशी नव्या घरात राहायला आली. भाऊबद्दल कुणी विचारलं तर ती फार काही सांगायची नाही. एवढंच सांगायची. दुपारच्या वेळी शेजारणी जमलेल्या असायच्या, डाळी निवडणं चाललेलं असायचं, आणि कुणी नवीन बाई सहज विचारायची, थोरला काय करत होता म्हणून. मायचे हात सुपात थांबायचे. "पाखरू उडाये मना पोऱ्या," ती म्हणायची. "खाले येतांना मना लुगडाना हिरवा काठ दिसना त्याले. म्हनीसन दोन दिवस मिळनात. मनासंगे बोलीसन गया."

त्या दिवशी मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. सूर्य त्याच्या थेट डोळ्यांवर होता. आणि मायनं दसऱ्याचं म्हणून नवं जांभळं लुगडं नेसलं होतं, त्याचा काठ लाल होता. हिरव्या काठाचं रोजचं लुगडं घरी वलणीवर वाळत होतं. हे मला जेवढं पक्कं माहीत आहे, तेवढंच नेसणारीलाही माहीत होतं. तरी दर वेळी हिरवा म्हणून झालं की ती माझ्याकडे वळायची, डोळ्यांत डोळे घालून बघायची आणि विचारायची, "नही का वं बेबी?"

"हाव माय," मी म्हणायची. "हिरवाच व्हता."